सोनं दिलं, रॉयल्टी ठेवली: व्हर्जिनियाच्या भागधारकांना काय मिळालं?

व्हर्जिनिया गोल्ड माइन्स ही कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली खनिज शोधणारी छोटी कंपनी. २००५ च्या डिसेंबरात तिचे १००० शेअर बाळगणारा एक भागधारक डोळ्यांसमोर आणा. त्याचा हिशेब या लेखात शेवटपर्यंत सोबत ठेवायचा आहे. कंपनीची स्वतःची एकही चालू खाण नव्हती. विकायला माल नाही म्हणून विक्री नाही, विक्री नाही म्हणून धंद्याचा नफा नाही. नवे शेअर विकून पैसे यायचे आणि ते जंगलातल्या खडकात ड्रिलने भोकं पाडण्यात जायचे. अशा कंपनीत लाभांशाच्या धोरणाचा विषय निघावा तरी कसा?

निघाला, कारण सोनं लागलं.

जेम्स बे हा क्वेबेकच्या उत्तरेकडचा विरळ वस्तीचा प्रदेश. तळी, दलदल, खुरट्या स्प्रूसची रानं आणि हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेला अतिप्राचीन खडक. तिथे ओपिनाका जलाशयाच्या परिसरात व्हर्जिनियाला २००४ मध्ये सोन्याचा मोठा साठा सापडला. प्रकल्पाचं नाव एलेओनोर, त्यातल्या मुख्य पट्ट्याचं नाव रोबेर्टो. प्रकल्पाची मालकी १०० टक्के व्हर्जिनियाची होती, आणि ही बाब पुढच्या सगळ्या गोष्टीत महत्त्वाची आहे. छोट्या शोधकंपन्या बहुतेक वेळा खर्च वाटून घेण्यासाठी आधीच एखादा मोठा भागीदार घेऊन बसलेल्या असतात. मग सोनं लागलं तरी हातात उरतो तो तुकडा. इथे निर्णय घ्यायला कंपनी मोकळी होती.

डिसेंबर २००५ मध्ये गोल्डकॉर्प या मोठ्या सोनेखाण कंपनीशी करार जाहीर झाला. किंमत सुमारे ४२ कोटी अमेरिकी डॉलर. ३१ मार्च २००६ ला व्यवहार पूर्ण झाला. कालपर्यंत पुढच्या हंगामाच्या ड्रिलिंगचा खर्च कुठून आणायचा याची चिंता करणाऱ्या कंपनीच्या दारात इतकं मूल्य एकदम आलं. ते कोणाचं मानायचं? ज्यांनी हा शोध लागेपर्यंत पैसे घातले त्यांचं, की पुढच्या शोधाचं? माझ्या मते शोधकंपनीच्या लाभांशाचा सगळा प्रश्न एवढाच असतो, आणि व्हर्जिनियाने त्याचं जे उत्तर दिलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे.

लाभांश का देता येत नाही

आधी नेहमीची परिस्थिती समजून घेऊ. शोधकंपनी लाभांश देत नाही याचं कारण ती कंजूष आहे किंवा तिला भागधारकांची पर्वा नाही असं अनेकांना वाटतं. खरी अडचण वेगळीच असते. त्या पैशावर आधीच शिक्का बसलेला असतो.

कॅनडात या धंद्याचा मोठा हिस्सा ‘फ्लो-थ्रू’ शेअरवर चालतो. कंपनी असे शेअर विकते आणि मिळालेला पैसा ठरावीक मुदतीत, ठरावीक प्रकारच्या शोधकामावर खर्च करण्याचं वचन देते. त्या खर्चाची करवजावट कंपनी स्वतः घेत नाही. ती गुंतवणूकदाराच्या नावे सोडून देते. कंपनीला करपात्र उत्पन्नच नसल्याने तिला ती वजावट तशीही उपयोगाची नसते, आणि जास्त कर भरणाऱ्या गुंतवणूकदाराला मात्र ती हवी असते. दोघांचंही भागतं. पण हा पैसा ड्रिलिंगसाठी आला आहे. तो पगारावर, कार्यालयाच्या भाड्यावर किंवा लाभांशावर वळवला, तर वचन मोडतं आणि गुंतवणूकदाराची वजावट धोक्यात येते. शोधकंपनीच्या बँक खात्यात ५० लाख डॉलर दिसले, तरी त्यातले किती खरोखर मोकळे आहेत हे ताळेबंदाच्या टिपा वाचल्याशिवाय कळत नाही. कोणत्याही शोधकंपनीचा अहवाल हातात आला की मी आधी तीच टीप शोधतो.

दुसरी आडकाठी कायद्याची. कॅनडाच्या संघीय कंपनी कायद्याचं ४२ वं कलम सांगतं की लाभांश दिल्यावर कंपनीला देणी फेडता येणार नसतील, किंवा तिच्या मालमत्तेची विकून येऊ शकणारी किंमत ही देणी आणि नमूद भांडवल यांच्या बेरजेपेक्षा खाली जाणार असेल, तर लाभांश जाहीर करता येत नाही. नमूद भांडवल म्हणजे शेअर विकून आजवर जमवलेली रक्कम. आता एक साधा हिशेब करून पाहा. समजा एका शोधकंपनीने दहा वर्षांत ५ कोटी जमवले, ४ कोटी ड्रिलिंगवर घातले आणि १ कोटी बँकेत आहेत. देणी शून्य. ताळेबंद स्वच्छ दिसतो. पण नमूद भांडवल ५ कोटी आणि विकून येण्याजोगी मालमत्ता १ कोटी अधिक काही हक्कपट्टे, म्हणजे ठरावीक जागेत खनिज शोधण्याचे हक्क. त्या पट्ट्यांना गिऱ्हाईक नसेल तर कसोटी तिथेच फसते. लाभांश द्यायची इच्छा असूनही संचालकांचे हात बांधलेले राहतात. त्यांनी डोळेझाक करून दिलाच, तर ती रक्कम भरून देण्याची वैयक्तिक जबाबदारी त्यांच्यावर येऊ शकते.

मग ते ४ कोटी गेले कुठे? ते पेट्यांमध्ये आहेत. ड्रिलच्या पोकळ नळीतून खडकाचा लांबट गोल गाभा वर येतो. तो लाकडी पेटीत खोलीच्या क्रमाने मांडतात, मध्ये लहान ठोकळ्यांवर मीटरचे आकडे लिहितात. भूशास्त्रज्ञ भिंग लावून तो वाचतो आणि सोन्याची शक्यता असलेला भाग खुणेने ठरवतो. मग तो भाग करवतीने उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत जातो आणि अर्धा पेटीतच राहतो, कारण उद्या कोणी निकालावर शंका घेतली तर पुन्हा तपासायला तो लागतो. भागधारकांचे पैसे अशा रांगेने रचलेल्या पेट्यांमध्ये असतात. त्यांचं मोल शून्य असू शकतं किंवा ४२ कोटी डॉलर. मधला काळ कितीही लांबला, तरी त्यातून काही वाटता येत नाही.

तिसरी गोष्ट अर्थशास्त्राची. मर्टन मिलर आणि फ्रँको मोदिलियानी यांनी १९६१ मध्ये मांडलं की कर नाहीत, व्यवहारखर्च नाही आणि माहिती सर्वांना सारखी आहे अशा बाजारात लाभांश दिला काय किंवा ठेवला काय, भागधारकाच्या एकूण संपत्तीत फरक पडत नाही. कंपनीने दिलेला पैसा ती नवे शेअर विकून परत आणू शकते. शोधकंपनीच्या बाबतीत नेमकी हीच गृहीतकं सगळ्यांत जास्त मोडतात. तिने आज २० लाख वाटले, तर हंगाम सुरू होण्याआधी तेच २० लाख बाजारातून आणावे लागतील. ते भावावर सूट देऊन, वर वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) जोडून आणि दलाली मोजून आणावे लागतात. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने जास्त महाग परत घ्यायचं. जुन्या भागधारकाला थोडा लाभांश मिळतो आणि कंपनीतला त्याचा हिस्सा कायमचा पातळ होतो. शिवाय त्या लाभांशावर तो कर भरतो.

म्हणून शोध सुरू असताना लाभांश न देणं हे धोरण बरोबरच आहे. ते लिहून ठेवायलाही फारसा विचार लागत नाही. बहुतेक शोधकंपन्यांच्या कागदपत्रांत ‘नजीकच्या काळात लाभांश देण्याचा विचार नाही’ अशा अर्थाचं एक वाक्य असतंच. मला खटकतं ते पुढचं. सोनं लागल्यावर काय करणार, याबद्दल त्याच कागदपत्रांत बहुधा चकार शब्द नसतो.

सोनं लागल्यावरच्या वाटा

एलेओनोरसारखा साठा हाती आल्यावर छोट्या कंपनीपुढे साधारण चार वाटा असतात.

पहिली वाट म्हणजे स्वतः खाण उभारायची. ही मोहाची वाट आहे आणि छोट्या कंपन्या इथेच सर्वाधिक घसरतात. शोध घेणं आणि खाण चालवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पहिल्यात मोजके भूशास्त्रज्ञ आणि भाड्याची ड्रिल पुरते. दुसऱ्यात रस्ता, वीज, कामगारांची वसाहत, गिरणी, गाळ साठवायचे बांध, कर्जपुरवठादार आणि शेकडो माणसं लागतात. एलेओनोर उभी करायला पुढे गोल्डकॉर्पला पावणेदोन अब्ज अमेरिकी डॉलरहून जास्त खर्च आला. हा पैसा व्हर्जिनियाने शेअर विकून जमवायचा म्हटला असता, तर आपल्या १००० शेअरवाल्याचा हिस्सा किती उरला असता याचा अंदाज करता येतो.

दुसरी वाट म्हणजे रोख घेऊन प्रकल्प विकायचा आणि पैसा कंपनीतच ठेवायचा. वरवर ही सुरक्षित वाटते. पण अर्थतज्ज्ञ मायकेल जेन्सन यांनी १९८६ मध्ये जो धोका दाखवला तो इथे चपखल बसतो. चांगल्या गुंतवणुकीच्या संधींपेक्षा जास्त मोकळा पैसा हाती असला, की व्यवस्थापन तो कमी प्रतीच्या कामावर घालू लागतं. दहा भूशास्त्रज्ञांच्या कंपनीला ४० कोटी मिळाले म्हणून ती चाळीसपट चांगली ठिकाणं शोधू शकत नाही. चांगली ठिकाणं मर्यादितच असतात. पैसा मात्र खर्च व्हायला उतावीळ असतो. मग दूरच्या खंडातले हक्क विकत घेतले जातात, दुसऱ्यांचे अपयशी प्रकल्प उचलले जातात, कार्यालयं वाढतात.

तिसरी वाट म्हणजे रोख घेऊन सगळी वाटून टाकायची. भागधारक खूश, पण शोधणारी यंत्रणा संपते. जेम्स बेचा खडक ओळखणारी माणसं पांगतात. ज्या हाताने एक साठा शोधला तोच हात आपण मोडून ठेवतो. शिवाय विक्रीवर कंपनीने कर भरायचा आणि वाटपावर भागधारकाने, म्हणजे एकाच पैशावर दोनदा भुर्दंड पडू शकतो.

व्हर्जिनियाने चौथी वाट घेतली. तिने शोध आणि शोधणारे वेगळे केले.

करार कसा बांधला

अध्यक्ष आंद्रे गोमों आणि त्यांच्या संचालक मंडळाने गोल्डकॉर्पशी ठरवलेली रचना अशी होती. एलेओनोर ज्या जुन्या कंपनीत होती ती गोल्डकॉर्पने घ्यायची. त्याआधी त्या कंपनीतून बाकी सगळं, म्हणजे इतर प्रकल्प, शिल्लक रोकड आणि माणसं, एका नव्या कंपनीत काढून घ्यायचं. नव्या कंपनीचं नाव व्हर्जिनिया माइन्स. जुन्या कंपनीच्या प्रत्येक शेअरमागे भागधारकाला गोल्डकॉर्पचा ०.४ शेअर आणि नव्या व्हर्जिनियाचा ०.५ शेअर मिळाला.

आपल्या भागधारकाच्या हाती १००० च्या जागी गोल्डकॉर्पचे ४०० आणि व्हर्जिनिया माइन्सचे ५०० शेअर आले.

यातले ४०० शेअर म्हणजेच त्याचा लाभांश, असं मी मानतो. कागदावर त्याला तसं नाव नाही. पण शोधातून तयार झालेलं मूल्य संचालकांच्या ताब्यातून निघून थेट भागधारकाच्या खात्यात गेलं. ते संचालकांना दुसरीकडे उधळता येणार नव्हतं. ते ठेवायचं, विकायचं की त्यातून घर घ्यायचं हे आता त्याचं त्याने ठरवायचं होतं. मोठ्या कंपनीच्या शेअरला रोज भरपूर गिऱ्हाईक असतं, त्यामुळे रोख हवी असणाऱ्याला ती त्याच आठवड्यात मिळू शकत होती. ज्याला नको होती त्याच्यावर ती लादली गेली नाही. लाभांश सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच रूपात मिळतो. इथे प्रत्येकाला स्वतःची वेळ निवडता आली.

आणखी एक बाब सहज नजरेतून सुटते. गोल्डकॉर्प त्या काळात दर महिन्याला लाभांश देणारी कंपनी म्हणून ओळखली जायची, जे खाणधंद्यात दुर्मीळ आहे. २००६ मध्ये तो शेअरमागे महिन्याला दीड अमेरिकी सेंट होता. ४०० शेअरचे महिन्याला ६ डॉलर. रक्कम किरकोळ आहे, पण तिचा अर्थ किरकोळ नाही. शोधकंपनीत पैसे घातलेल्या माणसाला पहिल्यांदाच सोन्याच्या खऱ्या विक्रीतून नियमित पैसे येऊ लागले, आणि ते देण्यासाठी छोट्या कंपनीला स्वतःच्या तिजोरीतून काही काढावं लागलं नाही.

अर्थतज्ज्ञ जॉन लिंटनर यांनी १९५६ मध्ये कंपन्यांच्या लाभांशाचा जो अभ्यास केला, त्यातून दिसलं की व्यवस्थापनाला एकदा वाढवलेला लाभांश पुन्हा कमी करायला फार जड जातं. म्हणून ते जपून, हळूहळू वाढवतात. उत्पन्नाचा नेम नसलेल्या शोधकंपनीने नियमित लाभांश सुरू करणं म्हणजे पाळता न येणारं वचन देणं. नियमित वाटपाचं काम ज्याला झेपतं त्याच्याकडे सोपवायचं आणि आपण एकदाच, पण मोठं द्यायचं, हे व्हर्जिनियाच्या रचनेतून साधलं.

ठेवलेला हिस्सा

नव्या व्हर्जिनियाने एक गोष्ट आपल्याकडे ठेवली: एलेओनोरच्या उत्पादनावरची रॉयल्टी. खाण अजून अस्तित्वातही नव्हती. रॉयल्टी चढत्या दराची होती. सुमारे २ टक्क्यांपासून सुरू होऊन, काढलेलं सोनं वाढत जाईल तशी ३.५ टक्क्यांपर्यंत जाणारी. त्याशिवाय एप्रिल २००९ पासून ५० महिने दरमहा १ लाख डॉलर आगाऊ रॉयल्टी, म्हणजे एकूण ५० लाख. ती पुढच्या रॉयल्टीतून वळती व्हायची होती.

ही रॉयल्टी नफ्यावर नव्हती, विक्रीवर होती. धातू शुद्ध करण्याचा आणि वाहतुकीचा खर्च वजा जाता जे येतं त्यावर. हा फरक कळल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही, म्हणून आकडे मांडतो. समजा सोन्याचा भाव औंसाला १२०० डॉलर आहे आणि औंस काढायला खाणमालकाला ९०० डॉलर लागतात. मालकाला ३०० सुटतात, २ टक्केवाल्याला २४. खडक अपेक्षेपेक्षा अवघड निघाला आणि खर्च ११०० वर गेला, तर मालकाचे ३०० चे १०० होतात. रॉयल्टीवाल्याचे २४ च राहतात. पंप बिघडला, पगार वाढले, बोगद्यात पाणी आलं, तरी २४. वर्षाला १ लाख औंस निघालं तर २४ लाख डॉलर, आणि त्यासाठी एक रुपयाही भांडवल घालायचं नाही. सोन्याचा भाव पडला, सोनं कमी निघालं किंवा खाण बंद झाली तरच त्याला झळ लागते.

पुढे झालंही तसंच. एलेओनोर पूर्ण जोमात वर्षाला ६ लाख औंस देईल अशी अपेक्षा होती. तो आकडा तिने कधी गाठला नाही. खडकाची रचना आखणीपेक्षा गुंतागुंतीची निघाली. सोनं कमी निघाल्याने रॉयल्टीही अपेक्षेपेक्षा कमी झाली, पण खर्चाची सगळी कटकट मालकाच्या वाट्याला आली. म्हणजे व्हर्जिनियाने खाणीची जोखीम विकली, शोधाचं बक्षीस भागधारकांना दिलं आणि सोन्याच्या भावाशी बांधलेला एक पातळ धागा स्वतःसाठी ठेवला.

आगाऊ रॉयल्टीच्या त्या १ लाख डॉलरकडे मी पुन्हा वळतो. ४२ कोटींच्या व्यवहारात तो आकडा चिल्लर वाटतो. पण छोट्या शोधकंपनीच्या दृष्टीने वर्षाला १२ लाख डॉलरची ठरलेली आवक म्हणजे मंदीच्या वर्षात शेअर कवडीमोलाने विकायची वेळ न येणं. २०११ च्या सप्टेंबरात सोनं १९०० डॉलरवर गेलं आणि त्यानंतर घसरत राहिलं. २०१३ च्या अखेरीस ते १२०० च्या आसपास होतं. त्या दोन-तीन वर्षांत कितीतरी शोधकंपन्यांना पैसे उभे करता आले नाहीत आणि ज्यांनी केले त्यांनी जुन्या भागधारकांचा हिस्सा पातळ करून केले. व्हर्जिनिया त्या काळात जेम्स बे आणि आसपासच्या प्रदेशात भागीदारांच्या खर्चाचा आधार घेत काम करत राहिली.

मग रॉयल्टी वाटायची का?

१ ऑक्टोबर २०१४ ला एलेओनोरमध्ये पहिलं सोनं ओतलं गेलं. आता व्हर्जिनिया माइन्सपुढे लाभांशाचा प्रश्न दुसऱ्यांदा आला आणि या वेळी तो खऱ्या अर्थाने लाभांशाचा होता. कंपनीला दर तिमाहीला रॉयल्टी येणार. ती वाटायची की भोकं पाडण्यात घालायची?

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना दम आहे. वाटावी असं म्हणणाऱ्याचा मुद्दा असा की ही रॉयल्टी जुन्या शोधाचं फळ आहे, नव्या शोधाचं बियाणं नाही. नवा शोध चांगला असेल तर त्यासाठी बाजार किंवा भागीदार पैसे देतीलच. रॉयल्टीचा पैसा आपोआप मिळत गेला, तर शोधाच्या प्रस्तावांना कडक परीक्षा द्यावी लागत नाही. उलट बाजू अशी की फक्त एका खाणीवर, एका मालकावर अवलंबून असलेलं उत्पन्न लाभांशासाठी फार अधू आहे. खाण सहा महिने थांबली तर लाभांश थांबला. आणि मंदीत शोध थांबवायची वेळ आली, तर कंपनी नेमक्या स्वस्ताईच्या काळात हात बांधून बसते. शोधाला सगळ्यांत चांगली वर्षं तीच असतात, कारण ड्रिल स्वस्त मिळते आणि चांगले हक्कपट्टे इतरांनी सोडून दिलेले असतात.

यावर सरळ नियम असू शकतो. पुढच्या दोन हंगामांचा मंजूर शोधखर्च आणि कार्यालयाचा खर्च आधी बाजूला ठेवायचा, त्यावर उरेल ते वाटायचं, आणि त्याला ‘विशेष लाभांश’ म्हणायचं, म्हणजे पुढच्या वर्षी न दिल्यास कोणी फसवणूक म्हणणार नाही. भागधारकांसमोर हा नियम पैसा येण्याआधी ठेवायला हवा. पैसा आल्यावर ठेवलेला नियम प्रत्येकाला आपल्याच सोयीचा वाटतो किंवा गैरसोयीचा.

व्हर्जिनियात तो तंटा उभाच राहिला नाही. ओसिस्को गोल्ड रॉयल्टीज नावाची कंपनी जून २०१४ मध्ये जन्माला आली होती. तिचा जन्मही गमतीने याच साच्यात झाला होता. ओसिस्को मायनिंगची कॅनेडियन मॅलार्टिक खाण अ‍ॅग्निको ईगल आणि यामाना या दोन खाणकंपन्यांनी मिळून घेतली, आणि त्या खाणीवरची ५ टक्के रॉयल्टी घेऊन नवी कंपनी वेगळी झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिने व्हर्जिनिया माइन्स घ्यायचा प्रस्ताव जाहीर केला. एकूण मूल्य सुमारे ४७.९ कोटी कॅनेडियन डॉलर, आणि व्हर्जिनियाच्या एका शेअरमागे ओसिस्कोचे ०.९२ शेअर. फेब्रुवारी २०१५ मध्ये व्यवहार पूर्ण झाला.

एका रॉयल्टीच्या जोरावर जे जमत नाही ते अनेक रॉयल्टींच्या जोरावर जमतं. एक खाण रखडली तरी दुसरी चालू असते, कर्मचारी मोजके, भांडवली खर्च जवळजवळ नाही. म्हणून अशा कंपनीला तिमाही लाभांशाचं वचन झेपतं. ओसिस्कोने सुरुवातीलाच शेअरमागे तिमाहीला ३ कॅनेडियन सेंट लाभांश सुरू केला.

हजार शेअरचा हिशेब

आपला भागधारक नऊ वर्षं काहीही न विकता बसला असं धरू. व्हर्जिनिया माइन्सच्या ५०० शेअरचे २०१५ मध्ये ओसिस्कोचे ४६० झाले. त्यावर तिमाहीला १३ डॉलर ८० सेंट, वर्षाला ५५ डॉलर २० सेंट, कॅनेडियन.

गोल्डकॉर्पच्या ४०० शेअरची गोष्ट जास्त चढउताराची. महिन्याला ६ डॉलरपासून सुरुवात झाली. २०१३ पर्यंत मासिक लाभांश ५ सेंटवर गेला, म्हणजे ४०० शेअरला २० डॉलर. मग सोनं पडलं. २०१५ मध्ये तो २ सेंट झाला, म्हणजे ८ डॉलर. २०१६ मध्ये तेच २ सेंट महिन्याऐवजी तिमाहीला मिळू लागले. तीन वर्षांत वर्षाचे २४० डॉलर ३२ वर आले. चालत्या खाणींचा ताफा असलेली मोठी कंपनी जिथे वचन पाळू शकली नाही, तिथे एकाही खाणीशिवायच्या कंपनीकडून नियमित लाभांशाची अपेक्षा करणं किती अवाजवी आहे ते या आकड्यांतून दिसतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये न्यूमाँट या सोनेखाण कंपनीने गोल्डकॉर्प घेतली. एका शेअरमागे न्यूमाँटचा ०.३२८ शेअर आणि २ सेंट रोख. ४०० चे १३१ झाले, वर ८ डॉलर.

या रचनेवर आक्षेप घेता येतात आणि ते मला पोकळ वाटत नाहीत. मूल्य गोल्डकॉर्पच्या शेअरमध्ये मिळाल्यामुळे भागधारक एका खाणीच्या जोखमीतून सुटून दुसऱ्या कंपनीच्या कारभाराच्या जोखमीत शिरला. त्या कंपनीने पुढे महागडे निर्णय घेतले तर त्याची किंमत त्यानेही मोजली. रोखीचा पर्याय निदान काही अंशी ठेवला असता तर छोट्या भागधारकाला बरं पडलं असतं, असं मला वाटतं. त्याला दुसऱ्या मोठ्या कंपनीचे अहवाल वाचायला, विकायची वेळ ठरवायला ना सवड असते ना सल्लागार. मोठ्या गुंतवणूकदाराला निवडीचं स्वातंत्र्य ही देणगी असते, लहान माणसाला ते कधी कधी ओझं होतं. दुसरा आक्षेप भावाचा. डिसेंबर २००५ मध्ये सोनं ५०० डॉलरच्या आसपास होतं आणि सहा वर्षांत ते जवळपास चौपट झालं. थांबले असते तर जास्त मिळालं असतं, हे खरं. पण त्या भाववाढीचा वाटा रॉयल्टीतून आणि गोल्डकॉर्पच्या शेअरमधून भागधारकांच्या हाती राहिलाच होता, आणि थांबायचं म्हणजे कोणाच्या पैशावर थांबायचं, याचं उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यायला हवं.

खाण पुढेही मालक बदलत राहिली. २०२५ मध्ये न्यूमाँटने एलेओनोर ७९.५ कोटी अमेरिकी डॉलरला दिल्मार या कंपनीला विकली. त्याच वर्षी ओसिस्को गोल्ड रॉयल्टीजने नाव बदलून ओआर रॉयल्टीज केलं. गोमों आणि त्यांच्या संचालक मंडळाने २००५ मध्ये, खाणीचा रस्ताही आखला गेला नव्हता तेव्हा, करारात लिहून घेतलेली रॉयल्टी मात्र जमिनीला चिकटून आहे. मालक कोणीही असो, एलेओनोरमध्ये ओतल्या जाणाऱ्या सोन्यातला तो हिस्सा आधी बाजूला निघतो.